डबीतली कॉफी आणि आपलं रक्त

(स्त्री-आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला 'स्त्रिया आणि आहार' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी मात्र एका छोट्या डबीपासून सुरुवात करणार आहे.

आमच्या वस्तीतल्या बचत गटातल्या एका बाईनं दोन हजारांचं कर्ज उचललं. कारण लिहिलं होतं, 'मुलाची फी'. महिन्यानं ती माझ्याकडं आली, पदराखालून एक डबी काढली आणि म्हणाली, "ताई, हे वाचून दाखवा. कोणाला सांगू नका." डबीवर हिरव्या पानांचं चित्र, कंबर मोजणाऱ्या एका गोऱ्या बाईचं चित्र आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'. आत कॅप्सूल. ग्रीन कॉफीचा अर्क आणि आर्टिचोकच्या पानांचा अर्क. कर्ज त्यासाठी होतं. नणंदेनं विकली होती, नणंदेला तिच्या मैत्रिणीनं. अशी साखळी. "नवरा म्हणतो पोतं झालीस. वन्सं म्हणाल्या, दोन महिन्यांत सात-आठ किलो उतरतील."

त्याच आठवड्यात आम्ही रक्त तपासणीचं शिबिर घेतलं होतं. तिचं हिमोग्लोबिन होतं ८.४.

मला तिच्यावर रागवायचा काही अधिकार नव्हता. का, ते मी पुढं सांगणार आहे. आधी या डबीत काय आहे ते बघू. कारण शास्त्रीय नाव दिसलं की आपण मान खाली घालतो आणि नाव न समजल्यामुळं विश्वास ठेवतो. बाजाराला तेच हवं असतं.

डबीत काय आहे?

डबीवर शब्द आहे 'पॉलीफेनॉल'. हा वनस्पतींमधल्या पदार्थांचा एक मोठा गट आहे. झाड हे पदार्थ स्वतःसाठी तयार करतं, किडीपासून, बुरशीपासून, उन्हापासून वाचण्यासाठी. चहाचा तुरटपणा त्यांचा, डाळिंबाच्या सालीचा तुरटपणाही त्यांचा. कॉफीच्या बीमधलं मुख्य पॉलीफेनॉल म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल. नावावरून वाटतं तसा क्लोरीनशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीक भाषेत 'क्लोरोस' म्हणजे हिरवट, आणि या पदार्थापासून हिरवट रंग तयार होतो म्हणून हे नाव पडलं. कॉफीची बी भाजताना यातलं बरंचसं मोडून जातं. म्हणून न भाजलेल्या, हिरव्या बियांचा अर्क काढून विकायचा, ही कल्पना.

आर्टिचोक आपल्याकडं फारसं कोणी पाहिलेलं नाही. भूमध्य समुद्राच्या काठचं काटेरी झाड. इटलीत, स्पेनमध्ये त्याच्या न उमललेल्या कळ्या उकडून भाजी म्हणून खातात. पानं कडू असतात, त्यांचा काढा पचनासाठी घ्यायची तिकडं जुनी पद्धत आहे. त्या पानांतही क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि त्याचंच एक भावंड असतं, 'सायनारिन'. १९५४ साली इटालियन शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. आपली करडई आहे ना, सोलापूर-मराठवाड्याकडची, काटेरी? ती याच झाडाच्या कुळातली.

आणि आता गंमत सांगते. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. म्हणून आपण ते मिठाच्या पाण्यात टाकतो. ते काळं का पडतं? वांग्यात जे क्लोरोजेनिक आम्ल असतं त्याला हवा लागते म्हणून. म्हणजे डबीतल्या ज्या पदार्थासाठी त्या बाईनं कर्ज काढलं तो रोज तिच्या विळीखालून जात होता. बटाट्यात आहे, गाजरात आहे. साध्या एका कप कॉफीत ७० ते ३५० मिलिग्रॅम असू शकतो. आपल्या स्वयंपाकघरात फुकट असतो तेव्हा त्याला कोणी नाव देत नाही. डबीत गेला की त्याला नावही मिळतं आणि किंमतही.

वजन उतरतं का?

हा प्रश्न आपण सरळ विचारला पाहिजे. मी शोधायला लागले तेव्हा शोध थेट आपल्या शेजारी, बंगळूरला येऊन थांबला.

जानेवारी २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. बंगळूरमध्ये १६ जाड माणसांना ग्रीन कॉफीचा अर्क दिला आणि २२ आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, असा दावा. पैसे दिले होते टेक्सासच्या 'अप्लाइड फूड सायन्सेस' या कंपनीनं, जी हाच अर्क विकत होती. लिहिणाऱ्यांत दोघे अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन विद्यापीठाचे होते. त्याच वर्षी डॉक्टर मेहमत ओझ यांनी आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात ग्रीन कॉफीचा गाजावाजा केला. त्यांच्या कार्यक्रमाच्या प्रेक्षक कोण? मुख्यतः बायका. डब्या धडाधड खपल्या, आणि ती लाट आपल्याकडंही आली.

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगानं त्या कंपनीविरुद्ध कारवाई केली. आयोगाचं म्हणणं असं : चाचणी करणाऱ्या मुख्य संशोधकानं माणसांच्या वजनाचे आकडे वारंवार बदलले. चाचणी किती दिवस चालली ते बदललं. कोणाला अर्क मिळाला आणि कोणाला नुसती खोटी गोळी, यातही घोळ घातला. आणि सगळ्यात कडी म्हणजे, 'आहार-व्यायाम न बदलता वजन उतरतं' अशी जाहिरात झाली, पण त्या माणसांना कमी खायला आणि जास्त व्यायाम करायला सांगितलं होतं. तडजोडीत कंपनीनं ३५ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्क्रॅन्टनच्या लेखकांनी निबंध मागं घेतला, कारण त्यातली माहिती खरी असल्याची हमी कंपनी देऊ शकत नव्हती.

निबंध मागं गेला. डब्या मागं गेल्या का? त्या बाईच्या डबीसोबतच्या पत्रकात अजून तोच २२ आठवड्यांचा आकडा छापलेला होता.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायकांना धड माहिती न देता बोलावलं जात होतं. स्त्री शक्ती संघटनेच्या मैत्रिणींनी तिथं जाऊन प्रश्न विचारले आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. तिथं इंजेक्शन होतं, इथं कॉफी. धोका सारखा नाही, हे मला कळतं. पण प्रश्न तोच आहे. बंगळूरच्या त्या १६ माणसांना काय सांगितलं होतं? आपल्या अंगावरचे आकडे बदलून परदेशी बाजारात विकले गेले, हे त्यांच्यापर्यंत कधी पोचलं का? आपल्या देशातली शरीरं चाचणीसाठी स्वस्त, आणि मग तयार झालेली डबी आपल्यालाच महाग.

मग बाकी संशोधन काय म्हणतं? २०११ साली काही संशोधकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. वजनाचा हिशेब तीन चाचण्यांतून निघाला : सरासरी फरक अडीच किलोच्या आसपास, आणि चाचण्यांचा दर्जा कच्चा. आर्टिचोकचं म्हणाल तर कोलेस्टेरॉलवरच्या चाचण्यांचा आढावा २०१३ साली कॉक्रेन या संस्थेनं प्रसिद्ध केला. तीन चाचण्या, मिळून २६२ माणसं. थोडा फरक दिसतो, पण 'घ्या' असं सांगण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे हे विष आहे असं मी म्हणत नाही. कॉफी पिणाऱ्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण कमी आढळतं, हेही अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. पण तिथंही कॉफीमुळंच तसं झालं, हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय एक कप कॉफी वेगळी आणि तिचा आटवून काढलेला अर्क वेगळा. ग्रीन टीचंच बघा. पेय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक पितात. त्याच्या अर्काच्या गोळ्यांनी मात्र काहींच्या यकृताला इजा झाली. 'नैसर्गिक' या शब्दानं मात्रा ठरत नाही.

आणि आपलं रक्त?

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याशी येते.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. आधीच्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ४८ होता. म्हणजे या खोलीतल्या आपल्यापैकी निम्म्याहून जास्त. पाळी आहे, बाळंतपणं आहेत, आणि ताटात सगळ्यांत शेवटी बसणं आहे. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये सांगितलेली रोजची लोहाची गरज पुरुषाला १९ मिलिग्रॅम, बाईला २९. आणि ताट कोणाचं भरलेलं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

या पॉलीफेनॉलचा एक गुण डबीवर कधीच छापलेला नसतो. ते पोटात लोहाला धरून ठेवतं. भाजी-भाकरी-डाळीतून येणारं लोह त्याच्याशी बांधलं गेलं की आतड्याला ते शोषून घेता येत नाही, ते तसंच बाहेर जातं. हे नवीन नाही. १९८३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात हॅम्बर्गरच्या जेवणाबरोबर एक कप कॉफी दिली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहा दिला तर ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर फरक पडला नाही. तासाभरानंतर घेतली तर मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकाच फटका बसला. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात पावाबरोबर वेगवेगळी पेयं दिली. पेयात १०० ते ४०० मिलिग्रॅम पॉलीफेनॉल असलं की शोषण ६० ते ९० टक्क्यांनी खाली. आता डबीवर वाचा : 'जेवणासोबत एक कॅप्सूल, ४०० मिलिग्रॅम'. अर्धा अर्क क्लोरोजेनिक आम्लाचा धरला तरी एका कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम होतं. ८.४ हिमोग्लोबिनच्या बाईला दिवसातून दोनदा.

आणि मी म्हणाले होते की मला रागवायचा अधिकार नव्हता. कारण मीही घेतलेलं आहे.

मी सत्तेचाळीस वर्षांची होते. पाळी फार जायची, वजन वाढलं होतं. एका लग्नात भावजय सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना मोर्चात पुढं बसवा, पोलिसांना उचलता यायचं नाही." सगळे हसले. मीही हसले. वीस वर्षं मी सौंदर्य स्पर्धांविरुद्ध, गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध, बाईला वस्तू करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध बोलत आले. त्या रात्री घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी ग्रीन कॉफीची पुडी आणली. संघटनेच्या कोणालाही सांगितलं नाही. तीन महिने सकाळी पोळीबरोबर ती कडवट कॉफी प्यायले, आणि तिच्याबरोबरच लोहाची गोळी गिळली. कारण सकाळी गोळी घ्यायची आठवण राहते.

वजन दीड किलो उतरलं, कारण त्याच दिवसांत मी रात्रीचं जेवण सोडलं होतं. हिमोग्लोबिन ९.६ होतं ते ९.४ झालं. डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" मी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही तर बायकांना शिकवता ना?"

नंतर जास्त जाणाऱ्या पाळीवर इलाज झाला, गोळी लिंबूपाण्याबरोबर सुरू झाली, आणि रक्त चढलं. एकट्या कॉफीनं माझं रक्त अडवलं असं मी म्हणणार नाही. पण गोळी खात होते आणि तिचा उपयोग मीच घालवत होते, एवढं खरं. मला लाज कशाची वाटली? जाड असण्याची नाही. एका टोमण्यापुढं माझी सगळी चळवळ तीन महिने गप्प बसली, याची.

म्हणून मी त्या बाईला म्हणाले, "मीही घेत होते गं." मग ती बोलायला लागली. नवऱ्याबद्दल, नणंदेबद्दल, आणि नणंदेवर माल खपवायचं जे दडपण होतं त्याबद्दलही. साखळीत वर कोणी तरी पैसा करत असतो. खाली एक बाई दुसऱ्या बाईला विकत असते. विकणारीलाही आपण शत्रू समजायचं कारण नाही.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, वेळ. चहा-कॉफी सोडा असं मी सांगणार नाही. रानात-कामावर जाणाऱ्या बाईच्या भुकेला तोच आधार असतो, हे मला माहीत आहे. पण चहा-चपाती, चहा-भाकरी हे जोडपं मोडता आलं तर मोडू. जेवणानंतर दोन तास तरी चहा-कॉफी नको. लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध यांच्याबरोबर कधीच नको. भाजी-डाळीवर लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. ही गोष्ट प्रत्येक गटाच्या बैठकीत पाच मिनिटांत सांगता येते आणि तिला एक पैसा लागत नाही.

दुसरी, सावधगिरी. पित्ताशयात खडे असतील, पित्तनलिका अडलेली असेल तर आर्टिचोकचा अर्क घेऊ नये. आणि पित्ताचे खडे बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होतात. ग्रीन कॉफीत कॅफीनही असतं. गरोदर बाईनं असल्या डब्यांच्या वाट्याला जाऊ नये. रक्त कमी असेल, पाळी जास्त जात असेल, तर आधी त्याचा इलाज. वजन नंतर.

तिसरी, कायदा. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून या डब्या 'औषध' म्हणवत नाहीत, 'पूरक आहार' म्हणवतात. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यांच्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. ते शोधा. बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरात असतं. आणि अन्न परवान्याचा क्रमांक म्हणजे सरकारनं गुण तपासून दिलेलं प्रमाणपत्र, असा समज कोणी करून देत असेल तर तो खोडून काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. माझी सूचना अशी की प्रत्येक गटानं आपापल्या वस्तीत विकल्या जाणाऱ्या डब्या, पत्रकं, पावत्या गोळा कराव्यात. एकेकटीची तक्रार बाजूला पडते. पन्नास डब्या एकदम टेबलावर ठेवल्या तर उत्तर द्यावं लागतं.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, आणि ती आपल्या आत आहे. आपल्या बैठकांत आपण मारहाणीबद्दल बोलतो, जमिनीबद्दल, मजुरीबद्दल बोलतो. स्वतःच्या अंगाबद्दल एकमेकींना टोमणे मारणं मात्र थांबवत नाही. 'काय गं, सुटलीस!' ही आपल्याकडं भेटल्यावर विचारपूस असते. पुढच्या वेळी भेटलो की दुसरी विचारपूस करून बघू या. 'रक्त किती आहे तुझं?'

त्या बाईचं पुढं काय झालं, ते सांगते. उरलेल्या कॅप्सूल तिनं नणंदेला परत दिल्या. पैसे परत मिळाले नाहीत. बचत गटात तिनं स्वतःहून उभं राहून सांगितलं की कर्ज फीसाठी नव्हतं. कोणी हसलं नाही, कारण त्यातल्या आणखी तिघींच्या घरी तीच डबी होती. गटानं हप्ता लांबवून दिला. सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन १०.३ झालं. वजन होतं तेवढंच आहे. नवरा अजून पोतं म्हणतो. तिनं त्याला सांगितलं, "पोत्यात धान्य असतं."

आता तुमचे प्रश्न घेऊ.